नऊ ग्रॅम मीठ

त्या दिवशी वॉर्डातून एका सात महिन्यांच्या बाळाला घरी सोडायचं होतं. बाळाला हिर्शस्प्रुंगचा आजार. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही आणि पोट नगाऱ्यासारखं तटतं. साधारण ५,००० बाळांमागे एकाला होतो. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत आईने घरीच शीच्या जागेतून मऊ नळी घालून सलाईनने आतडं धुवायचं. नळी घालायला ती चटकन शिकली होती. घोडं अडलं ते मिठावर.

माण तालुक्यातलं गाव, औषधांचं दुकान लांब. रोज बाटल्या आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सर्जननी घरी सलाईन बनवायची परवानगी दिली: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी आणि ९ ग्रॅम मीठ. मी घरचा चमचा आणायला सांगितलं होतं. सोबत आलेल्या आजींनी पिशवीतून काढला तो आमटीचा डाव!

"मिठाचा अंदाज आम्हाला नका शिकवू, सिस्टर. उभा जन्म आमटी करण्यात गेला."

"आजी, आमटी खारट झाली तर पाणी वाढवता येतं. हे आतड्यातून थेट रक्तात उतरतं."

मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं. नुसतं पाणी वापरलं तर आतडं ते शोषून घेतं, सोडियम उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. लोकांना दुसरं पटतच नाही. साधं पाणी कसं बाधेल, म्हणतात.

मग पोह्यांचा चमचा मागवला आणि दूध मोजायच्या काट्यावर ठेवला. सपाट भरला तर ६ ग्रॅमच्या आसपास, शीग लावून भरला तर जवळजवळ दुप्पट. त्यात त्यांच्याकडे खडेमीठ, म्हणजे तोही हिशोब चुकणार. आजी काट्याकडे बघत गप्प झाल्या.

आई मात्र विचारात पडली होती. "सिस्टर, आमच्या बाजाराच्या गावात सोनार आहे. त्याचा काटा तर गुंजभरही हलू देत नाही. त्याच्याकडनं नऊ-नऊ ग्रॅमच्या पुड्या करून आणल्या तर?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला सुचलं नव्हतं. सर्जनही हसले आणि "करा" म्हणाले.

मग उरलेलं घोकून घेतलं. पाणी आधी उकळायचं, मग मोजायचं. मीठ घालून पुन्हा उकळलं तर पाणी आटतं आणि द्रावण तीव्र होतं. मीठ बारीक, पाकिटातलं. काळं नको, सैंधव नको. वापरताना कोमट. २४ तासांनी उरलेलं मोरीत ओतायचं. एका वेळी किती, ते बाळाच्या वजनावरून कागदावर लिहून दिलं. आत गेलेलं बाहेर येत नसेल, पोट फुगलं, ताप आला, घाण वासाची पातळ शी झाली किंवा बाळ मलूल पडलं, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

"आणि पुड्या हवाबंद डब्यात ठेवा हं ताई, पावसाळ्यात सादळतील."

"डबा आहे की," आजी म्हणाल्या, "लोणच्याचा."