तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्यात पिकतं तरी किती?

आमचं सामुदायिक शेत शहराच्या अगदी मधोमध आहे. चारी बाजूंना इमारती आणि मध्ये कुंपण घातलेला तुकडा. जाता-येता माणसं थबकतात, जाळीतून आत बघतात आणि विचारतात, "एवढ्यात पिकतं तरी किती?" नातेवाईकही तेच विचारतात, फक्त जरा हसून. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगते.

फार नाही. आम्ही वीस घरं आहोत आणि प्रत्येकाकडे खाटेएवढा एकेक वाफा. बहरात आठवड्यातून दोनदा पालेभाजी निघते, मूठभर मिरच्या मिळतात. टोमॅटो येतात तेव्हा सगळ्यांकडे एकदमच येतात आणि मग एकमेकांना चुकवत फिरावं लागतं. त्यानंतर दीड-दोन महिने काहीच नाही. पोटाला आधार धान्य, डाळी आणि तेल यांचा असतो, आणि ती पिकं एकरांत जागा मागतात. त्यामुळे अशा शेतांवर शहर जगेल असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी विषय बदलते. लगेच हवानाचा दाखला येतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाला मिळणारं तेल आणि खतं आटली, आणि हवानातल्या मोकळ्या जागांवर कडा बांधून, खत-माती भरून वाफे उभे राहिले. 'ऑर्गानोपोनिको' म्हणतात त्यांना. शहराला ताजी भाजी त्यांनी खरोखर पुरवली. पण त्यामागे सरकार उभं होतं, रोजची पगारी माणसं होती, आणि धान्य तेव्हाही बरंचसं बाहेरूनच येत होतं. आमच्याकडे रविवार सकाळ आहे, तीही पाऊस नसेल तर.

जागा हातात आली तेव्हा तिथे माती म्हणावं असं काही नव्हतं. जुनी इमारत पाडून राडारोडा तिथेच पसरून टाकलेला. कुदळ मारली की ठण्ण. फरशीचे तुकडे, गंजलेली बिजागरी, एकदा तर कपाचा नुसता कान निघाला. आमच्यातल्या एक आजी तो अजून खिडकीत ठेवतात.

विटा उचलून टाकता येतात, शिसं नाही. जुन्या तैलरंगात शिसं असायचं, एके काळी पेट्रोलमध्येही असायचं. भिंतींचे पोपडे आणि रस्त्यावरचा धूर यांतून ते वर्षानुवर्षं जमिनीवर पडत राहिलं. ते कुजत नाही, विरत नाही, वरच्या थरात बसून राहतं, आणि सगळ्यात जास्त घात करतं लहान मुलांच्या मेंदूचा. आम्ही माती तपासून घेतली. एका कोपऱ्यात आकडा दहा लाख भागांत ३०० च्या थोडा वर आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने राहत्या जागेतल्या मातीसाठी ४०० ची पातळी धरली होती, ती २०२४ मध्ये २०० वर आणली. म्हणजे आमचा कोपरा जुन्या हिशेबाने पास आणि नव्याने नापास.

तिथे आता फक्त बसायचा बाक आहे. बाकी सगळीकडे खाली जाड कापड अंथरून वर फूटभर उंचीचे गादीवाफे केले. टोमॅटो-वांग्याच्या फळात शिसं फारसं उतरत नाही. मुळा-गाजर मातीतच वाढतात आणि पालेभाजीवर धूळ बसते, त्यामुळे त्यांची काळजी जास्त. पण मोठा धोका भाजीपेक्षा नखांतल्या मातीचा आहे, हे आम्हाला उशिरा उमगलं. म्हणून नळ फाटकाजवळ घेतला. हात धुतल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

वाफ्यांत भरायला विकत आणलेली माती कसली, नुसता गाळ. भिजली की चिखल, वाळली की वीट. तिला जिवंत केलं ते मागच्या कोपऱ्यातल्या कंपोस्टच्या ढिगाने. ओल्या कचऱ्यावर दुप्पट-तिप्पट वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा, थोडं पाणी, आणि दर आठवड्याला पलटी. ढिगात एक लोखंडी सळई खुपसून ठेवतो. बाहेर काढल्यावर ती हातात धरवली नाही, तर ढीग चालू आहे. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकली की तणाचं बी आणि रोगजंतू बहुतेक मरतात. थंडीतल्या पहाटे पलटी मारताना वाफ निघते, चष्म्यावर धुकं येतं. आणि तेवढ्यात फळावरचा तो बारका स्टिकर दिसतो, जसाच्या तसा, चकचकीत. आमच्यातली सगळ्यात मोठी भांडणं पाण्यावरून होतील असं वाटलं होतं. झाली ती या स्टिकरांवरून.

तिसऱ्या वर्षी पहिलं गांडूळ दिसलं. सगळे गोळा होऊन बघत होते.

माती व्हायला अशी वर्षं लागतात, आणि जागेचा कागद मात्र एकेका वर्षाचा. लॉस एंजेलिसचं साउथ सेंट्रल फार्म १४ एकरांचं होतं, सुमारे साडेतीनशे कुटुंबं ते कसत होती. जागा मालकाच्या ताब्यात गेली आणि २००६ मध्ये बुलडोझर फिरला. उलट न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी आणि सोबत्यांनी १९७३ मध्ये एका कचऱ्याने भरलेल्या भूखंडावर सुरू केलेली बाग आजही जागेवर आहे. बर्लिनच्या प्रिन्झेसिनेनगार्टन या सामुदायिक बागेच्या लोकांनी २००९ मध्ये जमिनीवर विसंबायचंच नाही असं ठरवलं आणि बेकरीच्या क्रेटांत, तांदळाच्या पोत्यांत भाजी लावली. उठवलं तर उचलून न्यायची.

आमचाही कागद यंदा संपतोय. मागच्या रविवारी कुणीतरी बर्लिनचं उदाहरण दिलं, तेव्हा मी पाटीवर हिशेब मांडला. वाफा दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. असे वीस. म्हणजे १२ घनमीटर माती. पंधरा लिटरचं घमेलं धरलं तर आठशे घमेली.

आजींनी आकडा दोनदा वाचला. "एवढं पिकवलं होय आपण?" म्हणाल्या, आणि झारी भरायला नळावर गेल्या.