प्रांताचं अपील आणि दिवाणीची तीन वर्षं

वडील २०१४ च्या जूनमध्ये गेले. त्यांचं मृत्युपत्र आहे हे मला मार्च २०१६ मध्ये कळलं, तेही सहज. आम्हाला थोडी शेतजमीन घ्यायची होती आणि महाराष्ट्रात त्यासाठी आपण शेतकरी असल्याचा कागद लागतो. म्हटलं, माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव असेलच. उतारा काढला तर नाव एकट्या दादाचं.

मग फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कशावरून बदललं त्या नोंदीची, नक्कल काढली. मृत्युपत्रावरून नोंद, जानेवारी २०१५ ची. वारसांना गेलेल्या नोटिशीची पोचही मिळाली. माझ्या नावापुढं वहिनीची सही आणि शेजारी तिच्याच अक्षरात, ‘नणंद पुण्यास असते’. खोटं काही लिहिलं नव्हतं बिचारीनं.

गावातल्या जाणत्यांनी सांगितलं, प्रांताकडं, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडं, अपील कर. केलं. साठ दिवसांची मुदत कधीच उलटून गेलेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडला. तो मंजूर झाला आणि मी निर्धास्त झाले. दादा म्हणायचा, "तारखांना कशाला हेलपाटे घालतेस, दिवाळीत बसू की." दोन दिवाळ्या गेल्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी कागद चाळायच्या आधीच विचारलं, "हे तुम्हाला कळलं कधी?" मी अपिलाचं सांगायला लागले तर म्हणाल्या, "प्रांत नोंद बरोबर की चूक एवढंच बघतात. मालकी ठरवणार दिवाणी कोर्ट. आणि तिकडं अपील चालू आहे म्हणून इकडची मुदत थांबत नाही."

माझ्या पोटात गोळा आला. मृत्युपत्र बेकायदा ठरवून घ्यायचं तर दावा तीन वर्षांत लावावा लागतो. अपिलाला उशीर झाला तर माफी मागता येते. दाव्याला ती सोयच नाही, मुदत कायद्याचं कलम ५ दाव्यांना लागत नाही. हे मला दोन वर्षांत एकानंही सांगितलं नव्हतं. जमीन मुळात आजोबांची. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीमुळं तिच्यात माझा जन्मानं हिस्सा, आणि वडील मृत्युपत्र करणार ते फक्त स्वतःच्या हिश्श्याचं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून डावललं, तर ते कळल्यापासून बारा वर्षं असतात. पण बाईंनी बाराच्या भरवशावर राहू दिलं नाही. दोन्ही मागण्या एकाच दाव्यात घालून जूनमध्येच दावा दाखल केला. दावा लावणारी मी स्त्री असल्यानं कोर्ट फी लागली नाही. राज्य सरकारची ती सूट १९९४ पासूनची आहे.

दादाच्या वकिलांनी लगेच सात-अकराचा अर्ज टाकला, म्हणजे दावा मुदतबाह्य आहे, उंबऱ्यावरूनच परत पाठवा. त्यांचा हिशेब नोंदीपासून, म्हणजे जानेवारी २०१८ ला तीन वर्षं संपलेली. आमचा हिशेब कळल्यापासून. त्यांनी पुरावा म्हणून नोटिशीची पोच दाखवली. बाईंनी तीच पोच उचलून वहिनीच्या अक्षरातली ओळ वाचून दाखवली. मग माझ्या नक्कलेमागचा शिक्का पुढं केला. अर्ज आला, नक्कल तयार, नक्कल दिली, अशा तीन तारखा, तिन्ही मार्च २०१६ च्या. कधी कळलं हाच वाद असेल तर पुरावा घेतल्याशिवाय ठरवता येणार नाही, असं म्हणून कोर्टानं अर्ज फेटाळला.

मला वाटलं, मुदतीचं झेंगट सुटलं. कसलं काय! कोर्टानं निकालासाठी वादाचे मुद्दे काढले त्यात चौथा होता, ‘दावा मुदतीत आहे काय?’ आणि तो शाबीत करायचा मीच. मृत्युपत्राच्या दोन साक्षीदारांपैकी एक मधल्या काळात वारला. दुसरा वहिनीचा भाऊ, त्याचा उलटतपास अजून व्हायचाय.

ती नक्कल आता कोर्टात निशाणी पडून, म्हणजे पुराव्याचा क्रमांक मिळून, जमा आहे. माझ्याकडं झेरॉक्स आहे. शिक्का तिच्यावर पुसट आलाय, म्हणून तिन्ही तारखा मी शेजारी पेनानं लिहून ठेवल्यात.