रेझिस्टर म्हणू की रजिस्टर? तुम्ही विचारलंत म्हणून

मी हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स करते आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना शिकवतेही, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. सर्किटमध्ये करंट अडवणाऱ्या त्या छोट्या भागाला रेझिस्टर म्हटलं काय नि रजिस्टर म्हटलं काय, समोरच्याला कळलं ना, मग उच्चारासाठी एवढं मागे का लागता? दर वेळी घाईत काहीतरी उत्तर दिलंय, आज नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे मी सगळ्याच शब्दांच्या मागे लागत नाही. ओमचंच घ्या, रेझिस्टर करंटला किती अडवतो ते मोजायचं एकक. पुस्तकात ओहम छापलेलं असतं, म्हणून आपण ओहम म्हणतो. ज्यांच्या नावावरून हे एकक आलं ते गेऑर्ग झिमोन ओम (१७८९–१८५४) जर्मन होते आणि जर्मनमध्ये तो ह वेगळा म्हणत नाहीत, त्यानं फक्त आधीचा ओ लांबतो. पण ओहम म्हटलंत तरी काही बिघडत नाही, कारण त्या नावाची दुसरी वस्तूच नाही. (कंडक्टन्स, म्हणजे करंट किती सहज जातो ते, त्याच्या एककाला आधी म्हो म्हणायचे, ओमची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून, आणि चिन्ह म्हणून ओमेगासुद्धा उलटा काढायचे. आता त्याला सीमेन्स म्हणतात, पण मला अजून म्होच आवडतं.) सोल्डरचंही तसंच. अमेरिकन माणूस ल गिळून सॉडर म्हणतो, ब्रिटिश ल म्हणतो, आणि गंमत म्हणजे तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात ल नव्हताच, मागाहून लॅटिन मुळाकडे बघून घातला. तेव्हा दोघंही आपापल्या जागी बरोबर, कथील दोघांचंही वितळतंच.

आणि ज्यानं शब्द नुसता वाचलाय, कधी ऐकलाच नाही, त्याला हसायचं तर अजिबातच नाही. आपल्यातले बहुतेक जण एकटेच वाचून शिकलेत. थेवेनिनचा सिद्धांत (किचकट सर्किट सोपं करून मांडायची रीत) गणितात अचूक लावणारी माणसं मी पाहिलीत ज्यांनी तो शब्द आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता, आणि पहिल्यांदा चारचौघांत म्हटल्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं की ती माणसं पुढे प्रश्नच विचारत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पण रेझिस्टर आणि रजिस्टरचं तसं नाही, कारण त्या दोन खऱ्या वस्तू आहेत आणि बऱ्याचदा एकाच सर्किटमध्ये असतात. रेझिस्टर करंट अडवतो, रजिस्टर म्हणजे चिपमधली छोटी जागा, तिच्यात बिट, म्हणजे ० किंवा १, ठेवतात. ७४एचसी५९५ ही चिप म्हणजे शिफ्ट रजिस्टर, तीन वायरींवर आठ एलईडी चालवता येतात म्हणून प्रत्येक नवशिका कधी ना कधी तिच्यापाशी येतोच, आणि शिफ्ट रेझिस्टर असं काही शोधायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. त्याहून मोठा गोंधळ कुठे होतो सांगते. नवशिके वापरतात त्या अर्दुइनो उनो बोर्डावर सहसा जी एटीमेगा३२८ चिप असते तिच्यात पिन इनपुट ठेवून पोर्ट रजिस्टरच्या त्या बिटात १ लिहिला की आतला पुल-अप रेझिस्टर (बटण दाबलेलं नसताना पिनला अधिक व्होल्टेजकडे ओढून ठेवणारा) चालू होतो. आता हे वाक्य दोन्हीकडे रजिस्टर म्हणून वाचून बघा. मी हे शिकवत असताना एका मुलीनं पंधरा मिनिटं वहीत चित्र काढून मला विचारलं होतं की मग हा रजिस्टर किती ओमचा, आणि चूक तिची नव्हती, तिनं जे ऐकलं होतं त्यावरून तिचा प्रश्न बरोबरच होता. यावर माझ्याकडे साधा उपाय आहे. ट्रान्झिस्टर हा शब्द आपण सगळे बरोबर म्हणतो आणि तो बनलाय ट्रान्सफर आणि रेझिस्टर यांच्यापासूनच, बेल लॅब्जमधल्या जॉन पिअर्स यांनी तो सुचवला आणि १९४८ साली तो जगापुढे आला. त्यातलं झिस्टर जिभेवर बसलेलंच आहे, त्याच्या आधी रे लावायचा, झालं.

शॉटकी डायोडचं दुखणं वेगळं (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग). नाव वॉल्टर शॉटकी या भौतिकशास्त्रज्ञाचं, पण कानाला ते शॉर्ट की असं ऐकू येतं आणि शॉर्ट हा शब्द तर आपण दिवसभर वापरत असतो. साध्या सिलिकॉन डायोडवर मीटर ०.६ किंवा ०.७ व्होल्ट दाखवतं, शॉटकीवर ०.२-०.३ च्या आसपास. ज्याच्या डोक्यात शॉर्ट बसलंय तो हा कमी आकडा बघतो आणि डायोड शॉर्ट झाला म्हणून फेकून देतो. चांगले डायोड असे कचऱ्यात गेलेले मी बघितलेत. श्मिट ट्रिगर, म्हणजे डळमळत्या सिग्नलचं स्वच्छ चालू-बंद करणारं सर्किट, त्याचं लोक स्मिथ करतात, आणि स्मिथ चार्ट ही अँटेनावाल्यांची अगदी वेगळी चीज आहे. श्मिट म्हणजे ऑटो श्मिट, १९३४ मध्ये विद्यार्थी असताना स्क्विडच्या मज्जातंतूंचा अभ्यास करता करता त्यांना हे सर्किट सुचलं. ही गोष्ट एकदा सांगितली की नाव सहसा चुकत नाही असा माझा अनुभव आहे.

खरा धोका आकड्यांत आहे आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. फोनवर सत्तावीस आणि सत्तेचाळीस ऐकून बघा, आवाज जरा तुटला की नुसतं सत्ता एवढंच पोचतं, आणि रेझिस्टरमध्ये दोन्ही किमती असतात. बीसी पाचशे सत्तेचाळीस आणि बीसी पाचशे सत्तावन्न हे ट्रान्झिस्टर, दिसायला अगदी सारखे, पण पहिला एनपीएन आणि दुसरा पीएनपी, म्हणजे करंटची दिशा उलटी. ७८०५ आणि ७९०५ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, एक अधिक पाच व्होल्ट देतो, दुसरा उणे पाच, आणि पायांचा क्रमही वेगळा, म्हणजे एकाच्या जागी दुसरा लावून चालतच नाही. म्हणून मी सुटे आकडे सांगते, चार सात, पाच पाच सात. हॅम रेडिओवाले पाचाला फाइफ आणि नवाला नायनर म्हणतात तेही याचसाठी, फाइव्ह आणि नाइन खरखरीत एकसारखेच ऐकू येतात. लिहिताना ४.७ के (के म्हणजे हजार) न लिहिता ४के७ लिहितात ना, त्यातही हाच विचार आहे, फोटोकॉपीत टिंब उडालं तर ४७ होतं, पण अक्षर सहजासहजी उडत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या मदतीला येते. रेझिस्टरच्या नेहमीच्या दहा टक्केवाल्या मालिकेत (म्हणजे खरी किंमत दहा टक्के इकडेतिकडे चालते) फक्त बाराच किमती असतात: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२, मग त्याच पुढे शून्य लावून. त्यात सदतीस नाही, पन्नासही नाही. म्हणजे तिकडून फिफ्टी ऐकू आलं तर बहुतेक फिफ्टीनच म्हणाला असणार. या बारा किमती पाठ असल्या की अर्धवट ऐकलेलंही बऱ्याचदा सावरून घेता येतं, म्हणून मी मुलांकडून त्या पाढ्यासारख्या म्हणून घेते.

आता मी एवढी मागे का लागते ते. माझा भाचा पहिल्यांदा बटण जोडत होता आणि मी फोनवर होते. त्यानं विचारलं, मावशी, पुल-अप केवढा लावू? मी म्हटलं, दहाचा लाव. आम्ही आपसात असंच बोलतो, के कोणी म्हणत नाही, दहाचा म्हणजे दहा हजाराचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला नव्हतं. त्यानं डब्यातून दहा ओमचा शोधून काढला, कारण मी दहाचा म्हटलं होतं. बटण दाबलं की पाच व्होल्ट भागिले दहा, म्हणजे अर्धा अँपिअर, म्हणजे पाव वॉटच्या त्या एवढ्याशा तुकड्यात अडीच वॉट, दहापट. दहा हजाराचा असता तर अर्धा मिलीअँपिअर गेला असता आणि कळलंही नसतं. मला फोनवर आधी शांतता ऐकू आली, मग हळू आवाजात, अगं मावशी, वास येतोय, आणि मग बोट पोळल्याचं ओरडणं. फोड दोन दिवसांत बरा झाला. पण नंतर तो म्हणाला की तू सांगितलंस तेच मी केलं, आणि ते शब्दशः खरं होतं. चुकीचा उच्चार कोणीच केला नव्हता, मी एक अक्षर खाल्लं होतं.

त्या दिवसापासून मी के गाळत नाही आणि त्याच्यावर रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंगही सांगते, दहा-के, तपकिरी काळा नारिंगी. दहा ओमचा असेल तर तपकिरी काळा काळा. ऐकणाऱ्यानं ते मला परत म्हणून दाखवायचं, मगच इस्त्री तापवायची, म्हणजे सोल्डरिंग आयर्न हो. भाचा आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवतो आणि परवा त्याच्या खोलीतून आवाज आला, नुसतं दहा नको सांगूस, तिसरा पट्टा कुठला ते बोल.