ध चा ढ

कोल्हापुरात आमचं कोनशिला कोरायचं दुकान आहे. जास्त काम उद्घाटनांचं, पुढाऱ्याचं नाव चुकलं तर तो फोनवर शिव्या घालतो आणि विषय संपतो. पण जुलैतलं हे डोक्यातनं जाईना.

जिल्ह्यातल्याच एका गावच्या माजी सैनिक संघटनेचं स्मारक, २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला अनावरण. माप घ्यायला गेलो तर अध्यक्ष, रिटायर्ड सुभेदार, आधी चावडीवर घेऊन गेले. तिथं इंग्रजांनी लावलेली पाटी, १९१४ ते १९१९ च्या लढाईला गावातनं किती गेले आणि किती मेले, नुसते आकडे. "बघा, एकाचं नाव न्हाई. आपण नावं लिवायची."

यादी आली ती लष्कराच्या इंग्रजी कागदावरनं, मेख तिथंच. डी-एचचा ध पण होतो आणि ढ पण. प्रूफ दिलं, साहेबांनी न वाचता सही ठोकली. मग रबर शीट कापून ग्रॅनाइटवर चिकटवली, वाळूचा मारा देऊन अक्षरं चांगली ३ मिलिमीटर खोल घेतली, पावसात रंग वाळेना म्हणून हॅलोजन लावून बसलो. काम एक नंबर झालतं.

२५ ला टेम्पो आला, सोबत एक आजी. मालक १९८७ ला श्रीलंकेत गेले ते आलेच नाहीत. नातवाला म्हणाल्या वाच. मधलं नाव त्यानं वाचलं, "ढोंडी".

"सासऱ्याचं नाव मी जन्मात घेतलं न्हाई, पण ह्ये न्हवं." मग स्लॅबवर थाप मारून म्हणाल्या, "ह्यो काय हाय? ह्याच्यावरनंच की."

धोंडा. धोंडी.

"आक्का, एका अक्षरानं काय हुतंय," सुभेदार म्हणाले. आणि मी, आजी समोर उभ्या असताना, साहेबांना त्यांची सही दाखवत होतो.

एपॉक्सी भरून परत कोरता येतं, पण पॉलिशवर पॅच लपत नाही. दुसऱ्याच्या ऑर्डरचा स्लॅब घेतला, मध्यरात्री लाइट गेली, कॉम्प्रेसर बंद, पहाटे चारला आली. ओल्या रंगाचाच दगड गेला.

चुकलेला दगड एरवी उलटा करून कुणाच्या तरी ओट्याला लावतो. हा भिंतीकडं तोंड करून उभा आहे, तीन गिऱ्हाइकांनी भाव विचारला. संघटनेला फोन केला तर साहेब म्हणाले, "तुमीच बघा काय करायचं ते."