शंभरपट पातळ केलेला नमुना

रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम करत असल्याने रुग्णांचे चेहरे मला सहसा दिसत नाहीत. त्या दुपारीही माझ्यासमोर होता तो चाळिशीतल्या एका पुरुषाच्या प्रोलॅक्टिनचा, म्हणजे पीयूष ग्रंथीतल्या एका संप्रेरकाचा, आकडा, ६८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि त्या अहवालावर सही माझी होती. अंतःस्रावतज्ज्ञ बाईंनी फोनवर एवढेच विचारले, "मॅडम, गाठ चार सेंटिमीटरची आहे. हा आकडा तुम्हाला पटतो का?"

पीयूष ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची असते, आणि तिच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ तिथवर चढल्यामुळे या गृहस्थांना दोन्ही बाहेरच्या कडांचे दिसेनासे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकावाटे शस्त्रक्रिया ठरली होती, कारण ६८ या आकड्यावरून गाठ स्वतः प्रोलॅक्टिन बनवत नसून ग्रंथीचा देठ दाबते आहे, असा अर्थ निघत होता. मेंदूकडून देठावाटे येणारे डोपामिन प्रोलॅक्टिनला आवरून धरते. ते अडले की पातळी वाढते, पण बेताचीच. एवढी मोठी गाठ प्रोलॅक्टिन बनवणारी असती, तर आकडा हजारांत जायला हवा होता.

खरे तर हे मलाच सुचायला हवे होते. आमच्या चाचणीत संप्रेरकाचा रेणू दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडला जातो आणि अशा जोड्यांच्या प्रकाशावरून पातळी ठरते. संप्रेरक अतोनात असेल, तर दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे रेणू चिकटतात, जोड्या जमतच नाहीत, आणि यंत्र फसवा, लहान आकडा दाखवते. गाठ केवढी आहे, हे मागणीपत्रावर लिहिलेले नव्हते. पण मीही ते विचारले नव्हते.

उरलेला नमुना शंभरपट पातळ करून मी तो पुन्हा यंत्रात ठेवला आणि तिथेच उभी राहिले. गुणाकार करून आलेला आकडा ९,४०० होता. मनाच्या समाधानासाठी आणखी एकदा, वेगळ्या प्रमाणात पातळ करून पाहिले. उत्तर जवळपास तेच आले.

शस्त्रक्रिया रद्द झाली आणि कॅबरगोलिनच्या गोळ्या सुरू झाल्या, कारण अशा गाठी बहुधा औषधानेच आक्रसतात. दुरुस्त अहवालावर मी पुन्हा सही केली. महिन्याभराने बाईंनी दृष्टिक्षेत्राचे दोन आलेख शेजारीशेजारी ठेवून मला दाखवले; पहिल्यातल्या काळ्या बाजू दुसऱ्यात बऱ्याच उजळल्या होत्या.