चेतकचा पत्रा: पावसाळ्यात लांबी, दिवाळीनंतर रंग

मे महिन्यात सुटी केलेली माझी चेतक स्कूटर डिसेंबरच्या तोंडावर कुठवर आली ते लिहून ठेवते. सगळ्या पत्र्यांचा गंज निघाला, सगळ्यांवर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) बसला, पोचे काढून झाले, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून घासून झाली. डावं साइड पॅनल बाकीच्यांच्या पुढे गेलंय. त्यावर गडद हिरवा रंग चढलाय आणि त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब न वाकता दिसतं. घरी डेंटिंग-पेंटिंग शिकायला निघालेल्या प्रत्येकाला हे प्रतिबिंब बघायचं असतं.

हे काम शिकवणारे बहुतेक व्हिडिओ बंद गॅरेजात, कोरड्या हवेत केलेले असतात. माझी शेड चिंचवडात आहे, तीन बाजूंनी पत्रा आणि एक बाजू उघडी. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रतामापक ऐंशीच्या खाली क्वचितच येतो. त्यामुळे मी कामाची वाटणी ऋतूंप्रमाणे केली: उन्हाळ्यात रंग उतरवणं, पावसाळ्यात हातोडी आणि लांबी, दिवाळीनंतर रंग. आपल्याकडे शेडमध्ये काम करणाऱ्याला दुसरा क्रम परवडत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

स्कूटरबद्दल थोडं. इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबरचा करार संपल्यावर बजाजनं १९७२ मध्ये चेतक आणली. माझी नव्वदच्या दशकातली आहे आणि आकुर्डीचा कारखाना माझ्या शेडपासून जवळच. या गाडीला वेगळी चौकट नसते. पोलादी पत्र्याची काया हीच चौकट. म्हणून पायाखालच्या पत्र्याचा गंज हा नुसता दिसण्याचा प्रश्न नसतो. तिथल्या रबरी पट्ट्या काढल्या की खाली पाणी साठून पत्रा कसा खाल्लाय ते दिसतं. ब्रेक पेडलजवळ आणि स्टँडच्या बोल्टांपाशीही बघा. माझ्या गाडीत तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. वेल्डिंग मी करत नाही. तो तुकडा कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं बसवून घेतला. सलग न ओढता एकमेकांपासून दूर-दूर टाके देत मग मधल्या जागा भरल्या की पातळ पत्रा तापून वाकत नाही.

उन्हाळा: खालपर्यंत

रंगाखाली काय दडलंय ते आधी चुंबकानं तपासलं. साधा छोटा चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे तो ढिला पडतो तिथे खाली लांबी जाड आहे. मागच्या बाजूला एका ठिकाणी तो चिकटेचना. तिथून जुन्या लांबीची पाऊण सेंटीमीटर जाड खपली निघाली आणि खाली पोचा जसाच्या तसा! कुणीतरी पत्रा न ठोकताच खड्डा भरला होता.

ग्राइंडरला जाळीदार स्ट्रिपिंग डिस्क लावून रंग काढला. एका जागी डिस्क टेकवून ठेवायची नाही, पत्रा तापतो आणि सपाट भाग फुगतो. कोपरे आणि घड्या हातानं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं. खोल खड्ड्यांतल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावलं, पण त्यानंतर पत्रा भरपूर पाण्यानं धुऊन, लगेच वाळवून पुन्हा घासायलाच हवा. आम्लाचा अंश राहिला तर इपॉक्सी नीट धरत नाही.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. सकाळी जेवढा रंग उतरवेन तेवढ्यावर संध्याकाळच्या आत इपॉक्सी, मग तो भाग कितीही छोटा असो. जूनमध्ये पहिली सर आली तेव्हा शेडमध्ये उघडा पत्रा एक इंचही नव्हता.

पावसाळा: हातोडी, डॉली, लांबी

या कामाचा सगळ्यात सुंदर भाग हाच आहे. रंगाच्या गनबद्दल सगळे बोलतात, पत्र्याबद्दल फार कमी.

पोचा पडतो तेव्हा पत्रा दोन प्रकारे वाकतो. जिथे मार बसला तिथे घडी पडते, आणि तो भाग कडक होतो. त्याच्या आजूबाजूचा पत्रा मात्र त्या घडीनं ओढून धरल्यामुळे खाली गेलेला असतो; त्याला स्वतःला फारशी इजा नसते. घडी सुटली की तो बराचसा आपोआप वर येतो. म्हणून खड्ड्याच्या तळाशी आतून दणका देणं हा सगळ्यात वाईट उपाय. मार ज्या क्रमानं बसला त्याच्या उलट क्रमानं तो सोडवायचा: शेवटी पडलेली कड आधी, मधला खड्डा शेवटी.

हातोडी आणि डॉलीचे दोन खेळ आहेत. डॉली म्हणजे पत्र्याच्या मागून हातात धरायचा लोखंडी ठोकळा. खोलगट भागाच्या मागे डॉली दाबून धरायची आणि हातोडी बाजूच्या उंचवट्यावर मारायची. उंचवटा खाली जातो, खोलगट भाग वर येतो. नव्वद टक्के काम यातच होतं. दुसऱ्या खेळात डॉली आणि हातोडी समोरासमोर, मधे पत्रा. त्यानं बारीक लहरी बसतात, पण प्रत्येक ठोक्याला पत्रा थोडा पातळ होऊन पसरतो. हे जास्त केलं की पत्रा तेलाच्या डब्याच्या तळासारखा टकटक आत-बाहेर होऊ लागतो, आणि मग तो आकसून घ्यायचं वेगळंच काम मागे लागतं. ठोके हलके, मनगटातून, हातोडीचं तोंड सपाट पडेल असे. हातोडी आणि डॉली दोन्ही मला कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात मिळाल्या. तोंडावर खड्डे होते, ते घासून आरशासारखे केले. हातोडीच्या तोंडावर जे असेल ते पत्र्यावर छापलं जातं.

पत्रा डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतो. पातळ सुती कापड पत्र्यावर टाकून त्यावरून तळवा लांबलचक फिरवायचा, बोटांच्या टोकांनी चाचपायचं नाही. कापडामुळे घर्षण जातं आणि उंच-सखल तेवढं जाणवतं. सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं. ऑगस्टपर्यंत अर्ध्या मिलिमीटरचा चढ हाताला थांबवू लागला.

लांबी, म्हणजे पॉलिएस्टर पुट्टी, दोन मिलिमीटरच्या वर लागता कामा नये असं धोरण ठेवलं. जिथे जास्त लागेल असं वाटलं तिथे परत हातोडी. प्रमाण वजनावर: शंभर ग्रॅम लांबीला दोन ग्रॅम हार्डनर (ती कडक करणारं रसायन), स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या डिजिटल काट्यावर मोजून. हार्डनर जास्त पडला तर लांबी लवकर आवळते आणि हार्डनरमधलं उरलेलं पेरॉक्साइड पुढे वरच्या रंगात डाग पाडू शकतं. काचेच्या तुकड्यावर पसरून, दाबून मिसळायची. घोटली की हवा शिरते आणि घासताना टाचणीएवढी भोकं उघडी पडतात.

लांबी घासताना पाणी वापरायचं नाही, हे मला मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं. वॉटर पेपरची सवय असलेले आपण सगळं पाण्यानंच घासतो. पॉलिएस्टर लांबी पाणी पिते, ते आत अडकतं आणि पुढे रंगाखाली फोड येतात, पत्रा गंजतो. कोरडंच घासायचं, मास्क लावून: ८० नं आकार, १८० नं ओरखडे, ३२० नं शेवट. हाताखाली नेहमी लांब, सपाट ठोकळा, आणि तिरक्या रेषांत दोन्ही दिशांनी. वरून काळ्या रंगाचा हलका फवारा मारून घेतला की ठोकळा उंच भागावरचा काळा आधी उडवतो आणि सखल भागात तो राहतो. कुठे अजून भरायचंय ते कुणाला विचारावं लागत नाही. पावसात घासून झालेला भाग त्याच दिवशी प्रायमरखाली.

फवारा आणि श्वास

दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या संपर्कानंही दमा उसळू शकतो, आणि ते परत फिरत नाही. नाकावर बांधलेला रुमाल किंवा सुती मास्क इथे निरुपयोगी. कार्ट्रिजच्या मास्कवरही मी विसंबत नाही, कारण कार्ट्रिज संपलं तरी आयसोसायनेटचा वास येऊन इशारा मिळत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. माझ्या शेडला लागून दुसऱ्यांची खिडकी आहे. तेव्हा ठरवलं: पीयूचा फवारा घरी मारायचा नाही. आपल्याकडच्या गॅरेजांत पोरं तोंडाला काही न बांधता बारा-बारा तास हे मारतात ते बघून जीव तुटतो. छंद म्हणून करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर कुणाची घाई नाही, कुणाचं दडपण नाही; आपण तरी हे नीट करू या.

सर्फेसर, म्हणजे रंगाआधीचा घासून गुळगुळीत करायचा थर, मी घरी फोमच्या छोट्या रोलरनं लावला, दारं उघडी, हातमोजे आणि मास्क घालून. रोलरनं धुकं उडत नाही. पोत जरा खरबरीत येतो, पण तो नंतर ४०० आणि मग ८०० नं घासायचाच असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. गनचा हात बसवायला भंगारातलं एक बॉनेट आणलं आणि त्यावर हार्डनर न लागणारा साधा रंग मारला, मास्क लावून. मुद्दाम ओघळ येईपर्यंत मारलं, मुद्दाम लांबून मारून कोरडा खरखरीत पोत आणला. दोन्ही टोकं माहीत झाली की मधली जागा सापडते.

दिवाळीनंतर: रंग

दमट हवेत दोन गोष्टी घडतात. थिनर भराभर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर रंगावर पांढुरकी साय येते. पीयूमध्ये हार्डनर पाण्याशी क्रिया करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याचे बुडबुडे आणि टाचणीची भोकं राहतात. नियम असा, की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा) किमान तीन अंश वर हवं. हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २३ च्या थोडा वर जातो, म्हणजे पत्रा २६ पेक्षा गरम हवा. श्रावणातल्या सकाळी तो तसा नसतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर चुकीचा आकडा दाखवतो. मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

नोव्हेंबरात हवा कोरडी होते, पण रात्री पत्रा गारठतो आणि पंधरा अंशांखाली पीयू वाळायला फार रेंगाळतो. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ मला उत्तम वाटली.

रंग मूळचाच ठेवला. आरसीवर रंगाची नोंद असते, बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. शिवाय पॅनलच्या आतल्या कडेला, रबर बीडिंगखाली, उन्हानं न विटलेला मूळ रंग सापडला होता. नाना पेठेतल्या दुकानात तोच नमुना दिला. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, म्हणून पत्र्याच्या पट्टीवर मारून, वाळवून, दुकानाबाहेर उजेडात जुळवला. वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक चमकीचा थर, लागणारा रंग न घेता एकाच थरात चमक देणारा पीयू घेतला. स्कूटरच्या साध्या, धातुकण नसलेल्या रंगाला हाच शोभतो, आणि पुढे ओरखडा आला तर घासून-पॉलिश करून काढता येतो.

फवारा मारला तो एका ओळखीच्या पेंटर मामांच्या बूथमध्ये. तिथे हवा ओढणारा पंखा आहे, बाहेरच्या हवेचा मास्क आहे. मामांनी आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून दाखवलं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि ते गनमधून थेंब होऊन पॅनलवर पडतं. मग गन माझ्या हातात दिली. नोझल १.३ मिलिमीटरचं, अंतर वीतभर.

“ताई, मनगट वळवू नका. खांद्यानं चाला.”

“कडेला पोचल्यावर ट्रिगर सोडू?”

“कडेच्या पुढे गेल्यावर सोडा. आणि सुरू पण कडेच्या बाहेरूनच करा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढू द्या.”

पहिला हात अगदी पातळ, मागचा प्रायमर दिसेल इतका. दहा मिनिटं थांबून दुसरा हात भरपूर ओला. तो मारताना नजर गनवर नाही, पॅनलवर तिरपी पडणाऱ्या उजेडावर ठेवायची. रंग ओला बसतोय की कोरडा ते त्या चमकेत लगेच कळतं. तिसरा हातही तसाच. मामांनी कडेवर बोट न लावता, मास्किंग पेपरवर लावून ओलावा बघितला आणि म्हणाले, “आता हात लावायचा नाही.” दोन ठिकाणी धुळीचे कण बसलेत. ते आठवड्यानंतर १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरनं, साबणाच्या पाण्यात, मग कंपाउंडनं निघतील. मेण मात्र महिनाभर लावायचं नाही, आतलं थिनर अजून बाहेर पडत असतं.

पुढचा नंबर समोरच्या शील्डचा. तिथे आतल्या वळणाला सपाट ठोकळा चालत नाही, म्हणून रेडिएटरच्या रबरी पाइपाचा वीतभर तुकडा कापून ठेवलाय. त्याला पॉलिश पेपर गुंडाळला की वळण वळणासारखंच राहतं. मडगार्ड त्यानंतर, कारण त्यासाठी फोर्क उतरवावा लागेल आणि तेव्हाच बेअरिंगही बदलून घेईन. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढायच्या आत बाकीचे सगळे पत्रे मामांच्या बूथमध्ये एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगानं मारायचे आहेत.