रामटेकचा चढ आणि चौदाचे दहा अँपिअर

डिसेंबरात रामटेकच्या गडाच्या चढावर माझी इलेक्ट्रिक सायकल मधेच बंद पडली. पडद्यावर बॅटरीच्या दोन काड्या दिसत होत्या. पाच मिनिटं सावलीत उभा राहिलो, तर दोनाच्या तीन झाल्या! जानेवारीत सेटिंग बदलून परत गेलो. नागपूरहून रामटेक साधारण ५० किलोमीटर.

काड्या उरलेली वीज मोजत नाहीत, त्या क्षणाचा व्होल्टेज दाखवतात. चढावर मोटर जोरात करंट ओढते, व्होल्टेज बसतो, आणि ३६ व्होल्टची बॅटरी ३१ च्या आसपास आली की कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, पुरवठा तोडतो.

घरी मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. मोटरच्या मदतीच्या पाच लेव्हल आहेत; पहिल्या लेव्हलला चाक ताशी १२ च्या वेगावर अडलं, दुसरीला १६, पाचवीला २५. म्हणजे माझ्याकडे लेव्हल ही ताकदीची नाहीच, नुसती वेगाची. तो वेग येईपर्यंत पहिली लेव्हलही पूर्ण करंट खेचते. सिग्नल सुटताना सायकल उधळायची ती म्हणूनच. तुमचं मोकळं चाक सगळ्या लेव्हलला जवळपास सारखंच पळालं, तर लेव्हल करंटवर चालते, निम्मी खटपट वाचली.

मी करंटची मर्यादा १४ वरून १० अँपिअर केली आणि सुरुवातीचा जोर सगळ्यात कमी. मेनूतले नंबर पडद्यागणिक बदलतात, म्हणून आधी जुन्या आकड्यांचे फोटो काढून ठेवा. चाकाचा आकार आणि वेग मोजायच्या मॅग्नेटची संख्या याला हात लावू नका. वेगमर्यादाही २५ च्या वर नेऊ नका; २५० वॅट किंवा २५ चा वेग, यातलं एकही ओलांडलं की नोंदणी आणि लायसन्सचं लचांड मागे लागतं.

पहाटे साडेपाचला निघालो, थंडी बोचरी. कामठी रोडला डबल डेकर पुलाच्या खालून, मग कामठी, कन्हान. पुढे ट्रक सुरू होतात आणि बोट आपोआप पाचव्या लेव्हलकडे जातं. जाऊ देऊ नका. २० वरून २५ ला गेलात की हवा कापायलाच जवळपास दुप्पट ताकद लागते. मी तिसरीवर २० धरून, पाय खरोखर मारत मनसर गाठलं. तिथे चहा, मग उजवीकडे रामटेक. पायथ्याशी तीन काड्या होत्या.

चढाला मोठी चूक गिअरची होते. चाकाच्या मधोमध बसवलेली हब मोटर हळू फिरली की वीज उष्णतेत जाते, म्हणून वेग फार पडू द्यायचा नाही. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. दहा अँपिअरवर मांड्या भरून आल्या, एका वळणावर उतरून ढकललीही, पण पुरवठा तुटला नाही. मोटरला हात लावून पाहिला, कोमट.

वर वानरं आहेत. चार्जरची पिशवी हँडलला लटकवू नका, त्यांना त्यात खाऊच दिसतो.

खाली उतरून जेवणाच्या हॉटेलात चार्जिंग मागितलं. मालक म्हणाला, "काऊन भाऊ, सायकलले बी करंट लागते?" बॅटरी अर्धा तास सावलीत निवू दिली, मग लावली. २ अँपिअरच्या चार्जरनं तीन तासांत १०.४ अँपिअर-अवरपैकी सहाएक भरते, परतीला तेवढी पुरली. जेवणाच्या बिलावर त्याला वीस रुपये जास्तीचे दिले, तर त्यानं ठेचा वाढला.